फाईलमधली अक्षरं गायब झालीत? सेव्ह दाबायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे पत्रिका, लेटरहेड, मंडळांचे अहवाल छापायला फाईली येतात आणि त्यात बऱ्याचदा असं होतं की तुमच्या घरी सगळं नीट दिसत होतं पण आमच्याकडे उघडलं की मधलीच अक्षरं गायब. अशा वेळी लगेच फाँट बदलत बसू नका, आधी फाईलची एक कॉपी काढा आणि गेलेल्या अक्षराच्या जागी काय दिसतंय ते बघा, कारण इलाज त्यावरच ठरतो.

रिकामा चौकोन दिसला तर घाबरू नका, अक्षर फाईलमध्ये शाबूत आहे, फक्त त्या फाँटमध्ये त्याचा आकार नाहीये. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) आलं २००८ ला, रुपयाचं चिन्ह ठरलं जुलै २०१० ला आणि युनिकोडमध्ये गेलं त्याच ऑक्टोबरात, मग विंडोज एक्सपीच्या काळातल्या मंगल फाँटमध्ये ते कुठून असणार! तेवढा मजकूर सिलेक्ट करून निर्मला यूआय (विंडोज ८ पासून असतो) किंवा मुक्ता, नोटो असा फुकट मिळणारा फाँट लावा. कधीकधी चौकोन येत नाही पण एकच अक्षर जाड किंवा बारीक दिसतं, म्हणजे प्रोग्रामनी ते दुसऱ्या फाँटमधून उसनं घेतलंय, इलाज तोच.

सगळ्यात जास्त त्रास ऱ्य आणि ऱ्ह चा. जुन्या फाँटमध्ये हे तुटून खाली नुक्ता (टिंब) असलेला, पाय मोडलेला र आणि पुढे सुटा य किंवा ह असं दिसतं, मग लोक वैतागून खोडतात आणि साधा र घेऊन टाइप करतात की झाला रफार. कऱ्हाडचं कर्हाड होतं, आणि मंडळाच्या अहवालात ‘आचाऱ्यांचं मानधन’ चं ‘आचार्यांचं मानधन’ झालं तर अर्थच बदलला की, आणि आडनाव असेल तर त्या घरच्यांना किती वाईट वाटतं ते आम्ही पाहिलंय. इनस्क्रिप्टवर (विंडोजमधला मराठी कीबोर्ड) शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग य किंवा ह दाबा, आणि फाँट नवा ठेवा.

चौकोन नाही, सरळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतोय? मग मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेत, ‘मराठी’ म्हणजे आत इ, जे, के, बी, एच असतं. इथे मंगल लावून काही होत नाही, एकतर तोच फाँट बसवा नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. कन्व्हर्ट केल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासाच, कारण कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, चुका तिथेच राहतात.

प्रश्नचिन्हांची रांग असेल तर मात्र अक्षरं खरंच गेलीत, जुन्या नोटपॅडमध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) न बदलता सेव्ह केलं की असं होतं, ते परत येत नाही, जुनी कॉपी शोधा.

आमच्याकडे पाठवताना वर्डमधून फाँट एम्बेड करून (म्हणजे फाईलच्या आतच बसवून) पीडीएफ काढा, सोबत मूळ फाईल आणि तुमच्या स्क्रीनचा एक फोटो द्या, म्हणजे नावं आम्ही त्या फोटोशी ताडून मगच छपाईला घेतो.