विनोदी नटांचा मृत्युशोक

रंगभूमी, चित्रपट, नभोवाणी किंवा दूरचित्रवाणीवरील विनोदी कलावंताच्या निधनानंतर त्याच्या प्रेक्षकांना होणारे दुःख व ते प्रकट करण्याच्या रीती. दिवंगताशी नाते नसते, बहुधा भेटही झालेली नसते, तरी घरातले कोणी गेल्यासारखे वाटते. राजे, पुढारी वा शोकात्म भूमिका करणारे नट यांच्या निधनानंतरच्या सार्वजनिक शोकाहून हा प्रकार वेगळा धरावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदीत तो वेगळा धरला आहे. विनोदी नटाची आठवण काढायची तर त्याचे वाक्य त्याच्याच लकबीत म्हणावे लागते, आणि ते म्हटले की सुतकी चेहऱ्याने बसलेली मंडळीही हसतात. दुसऱ्या कोणत्याही शोकात ही अडचण इतक्या हटकून येत नाही.

रसशास्त्रीय बाजू : भरताच्या नाट्यशास्त्रात हास हा हास्यरसाचा, तर शोक हा करुणरसाचा स्थायिभाव (रसाच्या मुळाशी असलेली कायमची भावना) सांगितला आहे. शृंगारातून हास्य आणि रौद्रातून करुण उत्पन्न होतो, असे भरत म्हणतो. म्हणजे दोहोंची कुळे वेगळी. पुढील आलंकारिकांनी परस्परविरोधी रसांच्या याद्या केल्या. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात (चौदावे शतक) भयानक व करुण हे हास्याचे विरोधी रस म्हणून दिले आहेत. या आधारावर ‘विनोदी नटाचा शोक’ ही शास्त्रदृष्ट्या विसंगत कल्पना ठरते, असे कोणी म्हणेल. पण हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याच्या विवेचनानुसार रस अलौकिक असतो, म्हणजे व्यवहारातील भावनेहून वेगळा असतो. निधनाची बातमी वाचून डोळ्यांत आलेले पाणी हा लौकिक शोक आहे, करुणरस नव्हे. रसविरोधाचा नियम त्याला लागूच होत नाही. खरी गुंतागुंत निराळी आहे. विनोदी नट वर्षानुवर्षे एकाच मुखवट्याने वावरतो आणि पुष्कळदा पात्राच्या नावानेच ओळखला जातो. मेक्सिकोतील मारिओ मोरेनो याला जग ‘कान्तिन्फ्लास’ म्हणूनच ओळखत असे. जपानी नट कियोशी आत्सुमी हा प्रेक्षकांसाठी ‘तोरा-सान’ होता. अशा वेळी लौकिक शोक नटाचा आणि अलौकिक आस्वाद पात्राचा, ही विभागणी प्रेक्षकाला करता येत नाही. संस्कृतातील प्रमुख उपलब्ध नाटकांत विदूषक मरत नाही, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्राचीन उल्लेख : या शोकाचा सर्वांत जुना लिखित पुरावा म्हणून रोमन सुखात्मिकाकार प्लॉटस (मृत्यू परंपरेने इ. स. पू. १८४) याच्या नावाचा मृत्युलेख दाखवला जातो. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील औलस गेलियस याने तो उद्धृत केला आहे. प्लॉटस गेला, सुखात्मिका शोक करते आहे, रंगमंच ओस पडला आहे. हास्य, क्रीडा, थट्टा आणि अगणित वृत्ते मिळून रडली, असा त्याचा आशय आहे. तो प्लॉटसने स्वतःच रचला, असे गेलियसने व्हॅरो या रोमन विद्वानाच्या भरवशावर लिहिले आहे. व्हॅरोने तो दिला नसता तर आपल्याला शंकाच आली असती, अशी कबुलीही तो देतो. आधुनिक अभ्यासक ही शंका अधिक गंभीरपणे घेतात. मृत्युलेखाचे हेक्झामीटर वृत्त प्लॉटसच्या उपलब्ध नाटकांत आढळत नाही, आणि हास्य-थट्टेला मानवी रूप देण्याची तऱ्हा नंतरच्या विद्वानाच्या हातची वाटते. दुसरी अडचण अशी की, प्लॉटस नट होता का हेच निश्चित नाही. ‘माक्कियस’ हे त्याचे नाव प्राचीन इटलीतील आटेलान नावाच्या प्रहसनांतील ‘माक्कस’ या ठरीव विदूषकावरून आले असावे, या तर्कावर त्याचे नटपण मुख्यतः उभे आहे. तो तर्क सोडला, तर हा मृत्युलेख नाटककाराचा ठरतो.

म्हणून व्हिटालिस या नकलाकाराचा लॅटिन मृत्युलेख अधिक भरवशाचा आरंभबिंदू मानणे बरे. त्याचा काळही वादग्रस्त आहे : काही अभ्यासक तो उत्तर-रोमन काळात ठेवतात, तर काही आठव्या-नवव्या शतकापर्यंत खाली ओढतात. तो प्रत्यक्ष थडग्यावर होता की केवळ पद्यरचनेचा सराव म्हणून लिहिला गेला, हेही ठरलेले नाही. मात्र विषयाच्या दृष्टीने त्यातील मजकूर असाधारण आहे. मृत नकलाकार स्वतः बोलतो. कोणालाच न सोडणाऱ्या मृत्यूला आनंद ठाऊक नाही, त्याला थट्टा आवडत नाही, अशी त्याची तक्रार आहे. आपण दुसऱ्यांचे चेहरे, हावभाव व बोलणे असे उचलत असू की एका तोंडातून अनेक जण बोलत आहेत असे वाटे, असे तो सांगतो; आणि आपल्या देहात जितकी रूपे जगत होती तितकी त्या काळ्या दिवसाने आपल्याबरोबर नेली, अशी खंत करतो. एका नकलाकाराबरोबर अख्खा गाव मरतो, ही कल्पना पुढच्या बहुतेक मृत्युलेखांत कोणत्या ना कोणत्या रूपात येते.

टार्लटन आणि योरिक : एलिझाबेथकालीन इंग्लंडचा लोकप्रिय विदूषक रिचर्ड टार्लटन ३ सप्टेंबर १५८८ रोजी मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर विनोदांचे संग्रह निघाले आणि त्याचे भूत परलोकातील वार्ता सांगते अशी पुस्तिकाही छापली गेली. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट ज्याची कवटी हातात घेतो तो योरिक म्हणजे टार्लटनच, असे एक जुने मत आहे. त्याचा निकाल बराचसा एका आकड्यावर अवलंबून आहे. १६०४-०५ च्या दुसऱ्या क्वार्टो (लहान आकारातील छापील) आवृत्तीत कवटी २३ वर्षे जमिनीत असल्याचे म्हटले आहे. हे टार्लटनला जुळत नाही. १६०३ च्या पहिल्या क्वार्टोत मात्र ‘डझनभर वर्षे’ असे शब्द आहेत. नाटक १६०० च्या सुमारास रंगभूमीवर आले असे धरल्यास हिशोब जवळपास बिनचूक बसतो. पहिली क्वार्टो ही सदोष संहिता मानली जाते, त्यामुळे तिच्या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. तरी सामान्य प्रेक्षकाला कवटी पाहून टार्लटन आठवला असेल, एवढे मानायला हरकत नसावी. ओळख पटो वा न पटो, विदूषकाच्या थट्टा, उड्या, गाणी आता कुठे गेली, असे कवटीला विचारण्याचा तो प्रसंग या शोकाचा नमुनाच होऊन बसला आहे.

मोल्येर ते गॅरिक : १७ फेब्रुवारी १६७३ रोजी फ्रेंच नाटककार व नट मोल्येर आपल्याच नाटकात, स्वतःला आजारी समजणाऱ्या माणसाची भूमिका करत होता. हा त्या नाटकाचा चौथा प्रयोग. अखेरच्या प्रवेशात शपथ घेताना त्याला आचका आला आणि तो त्याने ओढूनताणून हसून झाकला, असे त्याचा चरित्रकार ग्रिमारे (१७०५) सांगतो. त्याच रात्री घरी त्याचा मृत्यू झाला. नटाचा पेशा त्यागल्याशिवाय धर्मविधी नाहीत, असा चर्चचा दंडक असल्याने दफन अडले. पत्नीने राजाकडे दाद मागितल्यावर २१ फेब्रुवारीला रात्री, समारंभाशिवाय दफनाची परवानगी मिळाली. १८१७ मध्ये पेर लाशेझ दफनभूमीत हलवलेली हाडे त्याचीच असल्याबद्दल शंका आहे.

त्यानंतर सुमारे १०६ वर्षांनी, १७७९ मध्ये, इंग्रज नट डेव्हिड गॅरिकला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मानाने पुरण्यात आले. गॅरिक सुखात्म व शोकात्म दोन्ही भूमिका करी. त्याच्या निधनाने राष्ट्रांचा आनंद झाकोळला आणि निरुपद्रवी सुखाचा सार्वजनिक साठा घटला, असे सॅम्युएल जॉन्सनने लिहिले. हे वाक्य पुढे अनेक विनोदी नटांच्या मृत्युलेखांत वापरले गेले. ‘राष्ट्रांचा’ हे अनेकवचन कशाला, असे जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेलने विचारले, तेव्हा थोडी अतिशयोक्ती चालायचीच, असे सांगून जॉन्सनने बॉस्वेलच्या स्कॉटिश मंडळींना आनंद ठाऊक नसल्याचा टोमणा मारला. शोकाच्या वाक्यावरही विनोद झाला तो असा.

दुःखी विदूषकाची दंतकथा : विनोदी नटाच्या निधनानंतर एक गोष्ट हमखास सांगितली जाते. उदासीने ग्रासलेला रुग्ण वैद्याकडे जातो. अमुक विदूषकाचा खेळ पाहा, बरे वाटेल, असे वैद्य सुचवतो. तो विदूषक मीच, असे रुग्ण म्हणतो. इंग्लंडमध्ये ती जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) या विदूषकाविषयी सांगतात. अमेरिकन निबंधकार एमर्सनने १८४३ मध्ये ती नेपल्सच्या कार्लिनीच्या नावावर दिली. मेक्सिकन कवी हुआन दे दिओस पेसा याच्या कवितेत रुग्ण गॅरिक आहे. अलीकडे ती ‘पाल्याच्ची’च्या नावाने फिरते. वास्तविक हे इटालियन अनेकवचन असून त्याचा अर्थ नुसता ‘विदूषक’ असा आहे. लेओंकाव्हालोच्या त्या नावाच्या संगीतिकेतील (१८९२) नायकाचे नाव कानिओ. एकच गोष्ट इतक्यांच्या बाबतीत घडली असणे संभवत नाही. ती भटकी कथा असून जो मेला त्याच्या नावावर चिकटते, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

तरीही तिच्यामागे मानसशास्त्रीय तथ्य आहे का, हा प्रश्न उरतो. २०१४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्रीत प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीवर आधारित अभ्यासात ५२३ विनोदी कलावंतांची ३६४ नटांशी व ८३१ इतरांशी तुलना केली होती. अंतर्मुख अलिप्तता आणि बहिर्मुख उतावळेपणा अशी परस्परविरुद्ध लक्षणे विनोदी कलावंतांत एकत्र जास्त आढळली. पण ही स्वभावलक्षणे आहेत, आजाराचे निदान नव्हे. त्याच वर्षी ११ ऑगस्टला अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्सने आत्महत्या केली, तेव्हा जगभर ‘हसवणाऱ्याचे लपलेले दुःख’ हाच धागा धरला गेला. शवविच्छेदनात मात्र मेंदूत लेवी-पिंडांचा (चेतापेशींत साठणाऱ्या प्रथिनांच्या गाठींचा) गंभीर विकार आढळला. दंतकथेने वैद्यकीय कारणाच्या आधीच जागा घेतली होती. या मृत्यूनंतरच्या ऑगस्ट ते डिसेंबर काळात अमेरिकेतील आत्महत्या अपेक्षित संख्येपेक्षा १,८४१ ने, म्हणजे सुमारे १० टक्क्यांनी अधिक होत्या, असे २०१८ च्या एका अभ्यासात दिसून आले. कार्यकारणसंबंध त्यातून सिद्ध होत नाही. पण अशा बातम्यांत मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन टाळावे, या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेला त्याने बळ मिळाले.

आधुनिक काळ : अपरिचिताविषयीच्या या जवळिकीला हॉर्टन व वोल यांनी १९५६ मध्ये ‘परासामाजिक संबंध’ अशी संज्ञा दिली. लोक ज्याला दुःख मानायला तयार नसतात अशा दुःखासाठी केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ‘अमान्य शोक’ ही कल्पना मांडली. ‘एका नटासाठी एवढे काय रडायचे’ हा प्रश्न ज्याला घरात ऐकावा लागतो, त्याला ती नेमकी लागू पडते.

गर्दीच्या अंत्ययात्रांत इटालियन नट तोतो याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १५ एप्रिल १९६७ रोजी तो रोममध्ये वारला. तेथे एक अंत्यविधी झाला. नेपल्समध्ये प्रचंड गर्दीत दुसरा झाला. आणि तो जिथे जन्मला त्या नेपल्समधील सानिता वस्तीने सुमारे महिन्याभराने तिसरा केला, रिकाम्या शवपेटीचा. मेक्सिकोत कान्तिन्फ्लासला (१९९३) निरोप द्यायलाही अशीच रीघ लागली. याउलट जपानचा विनोदी नट केन शिमुरा २९ मार्च २०२० रोजी कोव्हिडने गेला, तेव्हा संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांनाही अखेरचे दर्शन घेता आले नाही. भावाच्या हाती अस्थींचा कलश तेवढा आला.

१५ एप्रिल १९८४ रोजी ब्रिटिश विनोदी जादूगार टॉमी कूपर लंडनच्या रंगमंचावर, दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण चालू असताना कोसळला. पडद्याला टेकून तो खाली सरकत गेला आणि प्रेक्षक हसत राहिले, कारण असे पडणे त्याच्या खेळात शोभणारे होते. मोल्येरच्या आचक्यापासून येथपर्यंत विनोदी नटाचे शरीर खोटे बोलते अशीच प्रेक्षकाची समजूत दिसते.

जोडीतला एक गेला तर उरलेल्याचे काम संपते, हेही वेळोवेळी दिसले आहे. ऑलिव्हर हार्डी १९५७ मध्ये वारल्यावर स्टॅन लॉरेलने पुन्हा कधी भूमिका केली नाही.

स्मरणाच्या रीती : सहकलावंतांनी केलेल्या स्मरणात अनादर हाच आदर मानला जातो. १९८९ मध्ये ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूतील ग्रॅहम चॅपमनच्या स्मरणसभेत त्याचा सहकारी जॉन क्लीझने त्याला ‘फुकट्या’ म्हणून शिव्या घातल्या; गुळगुळीत बोललो असतो तर त्याने मला क्षमा केली नसती, असे त्याचे समर्थन होते. विनोदी नट स्पाइक मिलिगनच्या (मृत्यू २००२) थडग्यावर ‘मी आजारी आहे असे मी सांगितले होते’ हे वाक्य आहे. धर्मप्रांताने ते इंग्रजीत कोरू दिले नाही, म्हणून ते आयरिशमध्ये आहे.

काहींचे स्मरण कामातून होते. फ्रान्सचा विनोदी नट कोल्यूश याने १९८५ मध्ये सुरू केलेली अन्नवाटपाची चळवळ त्याच्या अपघाती मृत्यूनंतर वाढली. अमेरिकन विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनरच्या (मृत्यू १९८९) नावाने कर्करुग्णांसाठी आधारकेंद्रे निघाली. तमिळ नट विवेक (मृत्यू २०२१) वृक्षारोपणाचा प्रचार करी. चाहत्यांनी त्याच्या नावे रोपे लावली.

लंडनमध्ये ग्रिमाल्डीच्या स्मरणार्थ दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना होते आणि विदूषक रंगवलेल्या चेहऱ्यांनी, पूर्ण पोशाखात बाकांवर बसतात. त्याच्या नावाच्या उद्यानात २०१० मध्ये शवपेटीच्या आकाराची लाद्यांची रचना बसवली आहे. लादीवर पाय पडला की सूर उमटतो, आणि नीट नाचणाऱ्याला त्यावर ग्रिमाल्डीचे गाजलेले गाणे वाजवता येते.