जुन्या दाव्याची नक्कल हवी आहे? आधी हे वाचा

कोर्टाच्या जुन्या कागदांचा शोध घेऊन नक्कल काढून देण्याचे काम आम्ही करतो; जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक

"आजोबांचा दावा होता, निकाल आमच्या बाजूने लागला होता, पण कागद कोठे शे काय माहीत." आमच्या टेबलासमोर बसणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. तलाठ्याने हुकूमनामा (निकालावरून निघणारा कोर्टाचा आदेश) मागितलेला असतो, बँकेने कर्ज अडवलेले असते किंवा भाऊबंदकी नव्याने उकरून निघालेली असते. माणूस तालुक्याच्या कोर्टात एक-दोन चकरा मारून रिकाम्या हाताने परत आलेला असतो. कोर्टाने नकार दिलेला नसतो. काय शोधायचे, हेच सांगता आलेले नसते.

अभिलेख कक्षात, म्हणजे जुनी दप्तरे ठेवतात त्या खोलीत, आपली हकीकत लागत नाही. तिथे लागतो नंबर, साल, कोर्ट आणि निकालाची तारीख. ही चार टोके हाती असतील तर नक्कल काढणे सोपे काम आहे, आणि ते तुम्ही आमच्याशिवायही करू शकता.

नंबर कुठे सापडतो

कोर्टात जाण्याआधी घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. परवा चोपड्याकडच्या एक मावशी आल्या. त्यांच्याकडे ना निकाल, ना समन्स. प्लास्टिकच्या पिशवीत लग्नपत्रिका होती आणि तिच्या घडीत वकिलांच्या फीची पिवळी पडलेली पावती. पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "रे.मु.नं." आणि पुढे आकडा. बस्स. तेवढ्यावर काम झाले. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, साधा दिवाणी दावा. स्पे.मु.नं. (स्पेशल मुकदमा नंबर) असेल तर दावा वरिष्ठ स्तर न्यायालयातला. "दरखास्त" असेल तर ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, आणि मूळ दाव्याचा नंबर वेगळा. दरखास्तीचाच नंबर घेऊन दाव्याची नक्कल मागणारे बरेच येतात, आणि त्यांची चकर वाया जाते.

ट्रंकेत काही नसेल तर सातबारा घ्या. निकालानुसार नाव लागले असेल तर त्यावर फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढा. जुन्या फेरफारांच्या स्कॅन प्रती शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर बऱ्याच गावांच्या मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात. "मे. कोर्टाचे हुकूमनाम्यावरून" असे लिहून पुढे नंबर आणि साल दिलेले असते. जमिनीच्या दाव्यात ही वाट आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते.

अलीकडचे प्रकरण असेल तर मोबाइलवर ई-कोर्ट्स सेवा हे अ‍ॅप घ्या. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की सगळे समोर येते. तो माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते, पण खान्देशात "पाटील" टाकून बघा, पडदा भरून जाईल. पहिले नाव टाका, साल टाका, आणि निकाली प्रकरण असेल तर "निकाली" हाच पर्याय निवडा. जुन्या कागदात आडनावही वेगळे असू शकते. आजोबांच्या दाव्यात कुळाचे आडनाव आणि नातवाच्या आधार कार्डावर पाटील किंवा चौधरी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. दोन्ही नावांनी शोधा. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नावही तपासा. अ‍ॅपवर दिसणारा निकाल वाचायला चांगला, पण ती प्रमाणित नक्कल नव्हे. बँक, तलाठी किंवा दुसरे कोर्ट ती धरत नाही.

कोणत्या कोर्टात विचारायचे

इथे आपल्या भागाचा इतिहास आड येतो. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. पूर्व खान्देशाचे मुख्यालय जळगाव, पश्चिम खान्देशाचे धुळे. त्याआधी सगळ्या जिल्ह्याचे मुख्यालय धुळेच होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा भागातले १९९८ च्या आधीचे अपील किंवा सत्र खटला शोधायचा असेल तर आधी धुळ्याचे नाव घ्या. मुक्ताईनगरचा जुना कागद "एदलाबाद" या नावाने आहे. धरणगावची गावे पूर्वी एरंडोल तालुक्यात होती. आज गाव ज्या तालुक्यात आहे, दावा त्याच तालुक्याच्या कोर्टात चालला असेल असे धरून चालू नका.

आणखी एक. निकालावर अपील झाले असेल तर वरचे कोर्ट खालचे मूळ दप्तर मागवून घेते. तालुक्यात "दप्तर नाही" असे सांगितले की लोक हिरमुसतात. त्याचा अर्थ दप्तर हरवले असा होत नाही. ते जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात असेल किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, कारण आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. जुनी निकाली दप्तरे जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेलेलीही असू शकतात. "नाही" ऐकले तर लगेच विचारा: कुठे पाठवले, कोणत्या तारखेला, जावक नंबर काय?

वाटणीच्या दाव्यात अजून एक फाटा आहे. शेतसारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हुकूमनामा कोर्टात, पण वाटपाचा नकाशा आणि तक्ता महसूल किंवा भूमी अभिलेखच्या दप्तरात. कोर्टात शोधून शोधून माणूस थकतो आणि कागद पलीकडच्या इमारतीत पडलेला असतो. कुळकायद्याची प्रकरणेही दिवाणी कोर्टाची नव्हेत, ती तहसीलला शोधा. धरणाच्या किंवा रस्त्याच्या भूसंपादनात वाढीव मोबदल्यासाठी गेलेले जुने संदर्भ अर्ज मात्र दिवाणी कोर्टात असतात.

अर्ज

नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो. अर्जात कोर्टाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, नंबर, साल, वादी-प्रतिवादींची नावे आणि निकालाची तारीख लिहा. निकालाच्या तारखेला लोक महत्त्व देत नाहीत, पण निकाली दप्तरे बहुतेक ठिकाणी निकालाच्या तारखेप्रमाणे बांधून ठेवतात. १९८१ चा दावा १९९३ ला निकाली निघाला असेल तर त्याचे गाठोडे १९९३ च्या फळीवर असते. साल माहीत नसेल तर नोंदवही शोधण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि त्याची फी वेगळी.

काय हवे ते नेमके लिहा. "संपूर्ण केसची नक्कल" असे लिहू नका. पाने वाढतात, फी वाढते, वेळ वाढतो. सातबाऱ्यावर नाव लावायला निकालपत्र आणि हुकूमनामा सहसा पुरतो. नवा वाद उभा असेल तर वादपत्र (वादीची तक्रार) आणि कैफियत (प्रतिवादीचे उत्तर) घ्या. साक्षीपुराव्याचा एखादा कागद हवा असेल तर त्याचा निशाणी नंबर (कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक) लिहा. कोणत्या तारखेला काय घडले हे बघायचे असेल तर रोजनामा मागा.

दाव्यात तुम्ही किंवा तुमचे वाडवडील पक्षकार होते, तर प्रश्न नाही. वारस म्हणून मागत असाल तर मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडा. पूर्ण त्रयस्थ असाल तर नक्कल कशासाठी हवी हे सांगणारे प्रतिज्ञापत्र द्या. परवानगी न्यायाधीश देतात. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ही पायरी चुकवू नका. कोर्टाच्या नियमांत नक्कल मिळण्याची सोय असेल तर त्याच मार्गाने मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख आणि अल्पवयीन मुलांची प्रकरणे कायद्यानेच झाकलेली आहेत. त्या कागदांसाठी आम्ही त्रयस्थाचे काम घेत नाही.

नक्कल हाती आली की पाठीमागचा शिक्का बघा

त्यावर तीन तारखा असतात: अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची. अपील करायचे असेल तर या तारखा पैशांहून मोलाच्या आहेत. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. मुदत कायदा १९६३, कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला काळ या मुदतीतून वजा होतो. समजा निकाल ३ जूनला लागला, अर्ज १० ला केला, नक्कल २४ ला तयार झाली आणि तुम्ही ती ८ जुलैला नेली. वजा होतात ते १० ते २४ जूनचे दिवस. तयार नक्कल टेबलावर पडून होती ते दिवस तुमच्याच खात्यावर. म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करा आणि नक्कल तयार झालेल्यांची यादी फलकावर लागते ती बघत राहा. सही, शिक्का, पान क्रमांक तिथेच तपासून घ्या.

मूळ कागद परत घ्या

हे मी जीव तोडून सांगतो. माझ्या वडिलांनी शेताचे मूळ खरेदीखत एका दाव्यात निशाणीला दाखल केले होते. दावा निकाली निघाला, गुलाल उधळला, कागद तिथेच राहिला. अनेक वर्षांनी मी स्वतः चौकशीला गेलो तेव्हा कळले की ठरलेली मुदत संपल्यावर त्या दप्तराचा नियमाप्रमाणे नाश झाला आहे. चूक आमच्या घरची होती. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीची प्रत सापडली म्हणून निभावले. नोंदणी नसलेली वाटणीची यादी, जुन्या पावत्या, मोडीतला कागद असता तर कायमचा गेला असता. कोर्ट सगळे कागद कायम ठेवत नाही. निकालानंतर अपिलाची मुदत संपली, किंवा अपील निकाली निघाले, की मूळ कागद परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. वकिलांना सांगून त्यासाठी अर्ज द्या.

खर्च आणि आमचे काम

कोर्टाची फी आणि आमचा मेहनताना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाच्या फीची पावती तुमच्या नावाने निघते आणि ती आम्ही तुमच्याच हातात देतो. आम्ही वकील नाही. शोध घेणे, अर्ज भरणे, पाठपुरावा करणे आणि मोडी कागदाचे लिप्यंतर जाणकाराकडून करून देणे, एवढेच आमचे काम. कायद्याचा सल्ला वकिलांकडूनच घ्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना १९८७ च्या कायद्याने मोफत विधी सेवेचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. नुसती प्रकरणाची स्थिती बघायची असेल तर ज्या कोर्टात ई-सेवा केंद्र आहे तिथे ती विनामूल्य दाखवतात, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत फुकट मिळते, त्याचेही पैसे कुणी मागू नयेत.

येताना आधार कार्ड, सातबारा, फेरफार आणि घरात सापडलेला प्रत्येक कागद आणा, फाटका असला तरी. धडगाव, अक्कलकुवा, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून येणाऱ्यांनी निघण्याआधी कागदांचे फोटो पाठवावेत. फोटो बघून दप्तर कुठे असेल ते आम्ही आधी विचारून ठेवतो, म्हणजे एस.टी.ची दुसरी चकर वाचते.