विमा सांगितला तर सवलत जाते?

अमेरिकेतल्या माजी सैनिकांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: खासगी आरोग्य विमा असल्याचं माजी सैनिकांसाठीच्या सरकारी इस्पितळात सांगू नका, उपचारांची सवलत जाते आणि विमा कंपनीने नाकारलेलं बिल आपल्या गळ्यात पडतं. सांगणारे आपुलकीनेच सांगतात.

पण विमा आहे की नाही, यावर उपचारांची पात्रता ठरतच नाही. घोळ होतो तो बिलावरून. सेवेमुळे झालेल्या दुखापतीचा वा आजाराचा खर्च सरकारचाच, तो विमा कंपनीकडे मागत नाहीत. इतर आजारांचा खर्च मात्र १९८६ पासून कायद्यानेच कंपनीकडून वसूल होतो. (मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याला, हे बिल जात नाही.) कंपनीने कमी पैसे दिले, तरी उरलेले सैनिकाकडून घेत नाहीत. त्याला लागू असेल तर फक्त ठरलेला को-पे, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायचा वाटा. कंपनीच्या पैशातून तोही कमी होऊ शकतो, कधी पुरता फिटतो. म्हणजे विमा लपवला तर तोटा आपलाच.

पडताळायचं कसं? विमा कंपनीकडून खर्चाचा तपशील येतो, त्यावर भलामोठा आकडा असतो. भीती बहुधा तिथूनच सुरू होते. ते बिल नव्हे. इस्पितळाचं को-पेचं विवरण शेजारी ठेवून पाहा. भरायची रक्कम त्यावर असते.