परदेशातून पेशंट येतोय? व्हिसा आणि सी फॉर्मचं एकदाच समजून घ्या

खारघरला आमचा एक वन बीएचके आहे, तो आम्ही पेशंट आणि त्यांच्या नातेवाईकांना भाड्याने देतो. टाटांचं कॅन्सर सेंटर अ‍ॅक्ट्रेक खारघरमध्येच, अपोलो बेलापूरला, त्यामुळे केनिया, ओमानकडची माणसं येत असतात आणि दर वेळी तेच प्रश्न असतात, म्हणून लिहूनच टाकते.

नुसता योगाचा छोटा कोर्स करायचा असेल तर टुरिस्ट व्हिसा चालतो. ऑपरेशन, केमो असलं काही असेल तर ई-मेडिकल व्हिसा, आणि मुख्य काम पंचकर्म किंवा आयुर्वेदाची ट्रीटमेंट असेल तर आयुष व्हिसा, हा २०२३ पासून वेगळा निघालाय. "गुडघा करून घेतो, मग पंधरा दिवस पंचकर्म" असा प्लॅन असेल तर मेन ट्रीटमेंट कोणती ते आधी ठरवा आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं सांगून ठेवा. ताज्या टाक्यांवर कोणी तेल चोळणार नाहीये.

अर्ज सरकारी ई-व्हिसा साइटवरच करायचा. तशाच दिसणाऱ्या प्रायव्हेट साइट्स पैसे उकळतात, सांभाळून. यायच्या किमान ४ दिवस आधी भरावा लागतो, १२० दिवस आधीपासून भरता येतो, फी परत मिळत नाही. ई-मेडिकल आल्यापासून ६० दिवसांचा, तीनदा एन्ट्री. सोबत दोन जण अटेंडंट व्हिसावर येऊ शकतात, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. पासपोर्ट ६ महिने तरी व्हॅलिड हवा, दोन पानं कोरी, पांढऱ्या बॅकग्राउंडचा चौकोनी फोटो, पासपोर्टच्या पहिल्या पानाची पीडीएफ आणि हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र.

सगळं अडतं ते या पत्रापाशी. मागे एका पाहुण्यांच्या पासपोर्टवर मोहमेद, पत्रात मोहम्मद, फक्त एक एम जास्त. मी हॉस्पिटलच्या डेस्कला फोन करकरून थकले, नवीन पत्र यायला पाच दिवस गेले आणि तिकडे तिकिटाचे भाव वाढले. त्यामुळे पत्र आलं की पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, नंबरसुद्धा. केनियासारख्या देशातून येणाऱ्यांना यलो फीव्हरचं कार्डही लागतं, लस निदान १० दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर एअरपोर्टवरून थेट क्वारंटाइन.

अवयव प्रत्यारोपण असेल तर प्रकरण वेगळंच, डोनर जवळचा नातेवाईक असल्याचं दूतावासाचं सर्टिफिकेट आणि कमिटीची मंजुरी लागते, तेव्हा हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरशिवाय पाऊल टाकू नका.

आता तुम्ही घरमालक असाल तर. पाहुणा आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे उतरल्याची सरकारला द्यायची माहिती (२०२५ च्या नव्या नियमांत याचं नाव फॉर्म ३), भरायचा, पासपोर्ट, व्हिसा, फोटो सगळं टाकून, आणि ही जबाबदारी तुमची, एजंटची नाही. आधी आपल्या जागेचं रजिस्ट्रेशन करून लॉगिन मंजूर करून घ्यावं लागतं, त्यात दिवस जातात, म्हणून पाहुण्याचं तिकीट कन्फर्म व्हायची वाट बघत बसू नका. भाडेकराराची कॉपी आणि लाइट बिल हाताशी ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगून ठेवा, आमच्याकडे पहिल्यांदा वॉचमनने पाहुण्यांना गेटवर तासभर बसवलं होतं, बॅगांसकट.

६० दिवस पुरणार नसतील तर संपायच्या आधीच ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या साइटवर, मुदतवाढीचा अर्ज टाका, हॉस्पिटलच्या ताज्या पत्रासकट. केस बघून देतात.