शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती

एखाद्या ऐतिहासिक शिडाच्या जहाजाचा आकार, त्याची बांधणी आणि दोरखंडांची मांडणी ठरलेल्या प्रमाणात लहान करून लाकडात उभी केली, की तिला त्या जहाजाची प्रतिकृती म्हणतात. खेळण्यातल्या जहाजाशी तिचे नाते लांबचे आहे. खेळणे जहाजासारखे दिसले की काम झाले. प्रतिकृतीत मात्र ही फळी इथेच का संपली, हा दोर कोणत्या खुंटीला बांधला जाई, याचा हिशेब द्यावा लागतो. तसेच सगळेच लहान करता येत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे पावलोपावली ठरवावे लागते, आणि बांधणाऱ्याची समज बहुतेकदा त्याने काय सोडले यावरून कळते.

पूर्वपीठिका

प्राचीन इजिप्तमध्ये मृताच्या परलोकातील प्रवासासाठी थडग्यात लाकडी नावा ठेवत. थीब्झ येथील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यातून १९२० मध्ये निघालेल्या नावा सुमारे इ. स. पू. १९८० च्या असून त्यांवर वल्हेकऱ्यांच्या लहान लाकडी आकृत्याही आहेत. युरोपात किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये नवस म्हणून छताला जहाज टांगण्याची चाल होती. स्पेनच्या कॅटलोनियातील मातारो गावचे १५ व्या शतकातील असे एक जहाज आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. त्या काळच्या जहाजबांधणीची चित्रे व कागदपत्रे फारच थोडी उरली आहेत, म्हणून अभ्यासकांना या नवसाच्या वस्तूचा मोठा आधार वाटतो.

प्रमाणबद्ध प्रतिकृतींची खरी परंपरा इंग्लंडमध्ये १७ व्या शतकाच्या मध्यापासून दिसते. तिथल्या ‘नेव्ही बोर्ड’ (आरमारासाठी जहाजे बांधवून घेणारे मंडळ) प्रतिकृती बहुधा १:४८ प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच या मापाने केलेल्या असत. त्यांच्या खालच्या भागावर फळ्या न बसवता आतल्या बरगड्या उघड्या ठेवत. बघणाऱ्याला वाटते, जहाज आतून असेच होते. तसे ते नव्हते. या बरगड्यांची रचना ठरीव, जवळजवळ नक्षीसारखी आहे; प्रत्यक्ष जहाजात लाकडे वेगळ्या रीतीने जोडलेली असत. समकालीन कारागिराचे काम असले तरी प्रत्येक तपशील पुरावा म्हणून डोळे मिटून घेता येत नाही, तो असा.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या व नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनमध्ये अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून केलेली जहाजे वेगळ्याच जातीची. कैदखान्याच्या बाजारात ती विकली जात. हात कमालीचा सफाईदार, पण आराखडा हाताशी नाही. त्यामुळे डोलकाठ्या अनेकदा प्रमाणापेक्षा उंच आणि तोफा मोठ्या झालेल्या दिसतात.

आराखडा आणि प्रमाण

जहाजाचा आराखडा तीन दृश्यांत काढतात: बाजूने दिसणारे, वरून दिसणारे (यात अर्धीच रुंदी दाखवतात, कारण दुसरी बाजू तशीच धरलेली असते) आणि आडव्या छेदांचे. या तिसऱ्या दृश्यात ब्रिटिश नकाशांवर साधारणपणे उजवीकडे पुढच्या भागाचे आणि डावीकडे मागच्या भागाचे अर्धे छेद असतात. १८ व्या शतकातील ब्रिटिश नकाशांवरील रेषा बरगड्यांच्या बाहेरच्या कडेच्या आहेत, फळ्यांच्या नव्हेत. हे ध्यानात न घेता त्याच रेषेला बाहेरची बाजू मानले, की जहाज फळीच्या जाडीइतके अंग चोरते.

फूट या शब्दानेही फसगत होते. इंग्रजी फूट ३०.४८ सेंमी., जुना फ्रेंच फूट ३२.४८ सेंमी., तर ॲमस्टरडॅमचा फूट २८.३ सेंमी. आणि त्यात इंच अकराच. फ्रेंच जहाजाची फुटांतली लांबी इंग्रजी फूट समजून घेतली तर जहाज सहा टक्क्यांहून अधिक आखूड होते. स्वीडनच्या ‘वासा’वर काम करणारे सुतार तर एकाच जहाजावर दोन प्रकारच्या फूटपट्ट्या वापरत होते. अशा पट्ट्या जहाजातच सापडल्या, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूही तंतोतंत सारख्या नाहीत. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत बुडालेले हे जहाज २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढण्यात आले. त्याची काटेकोर प्रतिकृती करायची तर मूळची ही असमानताही उतरवायची की नाही, असा पेच पडतो.

जहाज कोणते, एवढे ठरवून भागत नाही. कोणत्या वर्षीचे, हेही ठरवावे लागते. ब्रिटिश युद्धनौका ‘व्हिक्टरी’ १७६५ मध्ये पाण्यात उतरली, तिच्या तळाला तांब्याचे पत्रे लागले १७८० मध्ये, आणि मागच्या बाजूची उघडी सज्जे १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत बंद झाली. तांबे लावलेला तळ, बंद केलेली मागची बाजू आणि १७६५ ची नक्षी अशी सरमिसळ केलेले जहाज कधीच तरंगले नाही. तरी अशा प्रतिकृती कमी नाहीत.

१:४८, १:६४, १:७२ आणि १:९६ ही प्रमाणे विशेष रुळलेली आहेत. ‘व्हिक्टरी’चा तोफांचा डेक १८६ फुटांचा, १:४८ ला तो ११८ सेंमी. होतो, १:९६ ला ५९ सेंमी. पुढे झुकलेली काठी आणि आडव्या काठ्या धरल्या तर जागा याहून बरीच जास्त लागते. प्रमाणाची निवड पुष्कळदा खोलीतली जागाच करते. १:६४ ला तीन इंची फळी १.२ मिमी. जाडीची होते आणि १७० सेंमी. उंचीचा खलाशी सुमारे २.७ सेंमी.चा. मनातल्या मनात हा खलाशी डेकवर उभा करून पाहावा. कठडा त्याच्या कमरेला येतो का, दारातून तो आत जाईल का, हे लगेच कळते.

सांगाडा

सर्वांत जुनी रीत म्हणजे लाकडाचा ठोकळा कोरणे. त्यातच सुधारणा करून आराखड्यातील आडव्या थरांप्रमाणे कापलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून मग कोरतात. दुसरी रीत म्हणजे कण्यावर (तळाच्या मधल्या लांब लाकडावर) प्लायवूडचे आडवे छेद उभे करून त्यांवर पट्ट्या बसवणे. बाजारात मिळणारे बहुतेक संच या रीतीचे असतात. तिसरी, खऱ्या जहाजाप्रमाणे प्रत्येक बरगडी अनेक तुकड्यांतून जोडण्याची. जहाजाच्या बरगडीइतके वाकडे आणि लांब एकसंध लाकूड झाडात सापडत नाही, म्हणून मूळ सुतार तुकडे जोडत आणि शेजारच्या थरांतले सांधे एकमेकांसमोर येऊ देत नसत. प्रतिकृतीत हेच करताना लाकडाचा तंतू प्रत्येक तुकड्यात वळणाच्या दिशेने ठेवावा लागतो, नाहीतर तुकडा तासतानाच मोडतो. संचातल्या जहाजाला काही शे तास लागतात. या तिसऱ्या रीतीत काही हजार तास सहज जातात.

छेद उभे राहिले की त्यांच्या कडा तिरप्या तासायच्या, म्हणजे फळी पूर्ण कडेवर टेकेल. या कामाला कौशल्यापेक्षा धीर जास्त लागतो. एक लवचीक पट्टी अनेक छेदांवरून आडवी धरून बघतात. ती जिथे उचलली जाते तिथला छेद उंच, जिथे खाली पोकळी राहते तिथला कमी. उंच असेल तिथे तासायचे, कमी असेल तिथे पातळ चकती चिकटवायची. इथे अर्ध्या मिलिमीटरची चूक कानाडोळा करून सोडली, तर ती फळ्या आणि रंग यांच्यावरून वर येते आणि तिरप्या उजेडात खड्ड्यासारखी दिसते.

फळ्या

फळ्या सगळीकडे एकाच रुंदीच्या असतात अशी नवख्याची समजूत असते आणि पहिले जहाज बहुधा तिथेच बिघडते. जहाजाचा घेर मध्यावर मोठा, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लहान. समजा मध्यावर कण्यापासून वरपर्यंत १२० मिमी. अंतर आहे आणि फळी ५ मिमी.ची, म्हणजे २४ ओळी झाल्या. नाळेजवळ तेच अंतर ७२ मिमी. असेल तर तिथे प्रत्येक फळी ३ मिमी.पर्यंत निमुळती करावी लागेल, कारण ओळी तर २४ च राहणार. हे माप कागदाच्या पट्टीने प्रत्येक छेदावर घेऊन तिथेच पेन्सिलीच्या खुणा करतात. फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक होऊ लागली तर दोन ओळींची मिळून एक करावी; मागे कण्याजवळ उलट ओळी फाकतात, तिथे पाचरीसारखा जादा तुकडा घालावा लागतो.

नाळेजवळची एक फळी बसवून पाहू. पट्टी थोडा वेळ पाण्यात भिजवून तापल्या नळीवर हळूहळू दाबली की ती आतल्या बाजूला सहज वळते. अडचण वेगळीच आहे. पोटाच्या गोलाईमुळे तिला त्याच वेळी वरच्या दिशेने, म्हणजे कडेवर, वळायचे असते. पट्टी कडेवर वळायला तयार नसते. जोर लावून चिकटवली तर तिची एक कड उचलली जाते आणि सगळा भाग कौलांसारखा एकावर एक चढलेला दिसू लागतो. जाणता बांधणारा पट्टीशी भांडत बसत नाही. तो रुंद फळीतून तेवढे वळण कापूनच काढतो, आणि खऱ्या जहाजावरही हेच करीत.

लाकूड निवडताना झाडाच्या नावापेक्षा तंतू किती बारीक आहे हे पाहावे. नासपती, बॉक्सवूड आणि चेरी यांचे तंतू बारीक असल्याने ती प्रमाणात शोभतात. मूळ जहाज ओकचे होते म्हणून प्रतिकृतीलाही ओक वापरला तर त्याची ठळक छिद्रे खऱ्या जहाजावर हाताएवढी भोके असावीत तशी वाटतात. बाल्सा फारच मऊ. त्यावर धारदार कड टिकत नाही. तळाच्या तांब्याच्या पत्र्यांतही असेच प्रमाण बिघडते. ब्रिटिश आरमाराचा पत्रा चार फूट बाय १४ इंच, म्हणजे १:६४ ला सुमारे १९ बाय ५.५ मिमी. खिळ्यांची डोकी त्यात दबलेली असत. काही संचांतल्या पत्र्यांवर मात्र ती फोडांसारखी उठून येतात, आणि हे जहाजाला आजार झाल्यासारखे दिसते.

दोरखंड

दोर दोन प्रकारचे. डोलकाठ्यांना आधार देणारे कायमचे दोर डांबराने माखलेले, म्हणून गडद. शिडे आणि काठ्या ओढणारे चालते दोर फिकट तपकिरी. सगळ्या जहाजाला एकच रंगाचा दोरा वापरला की हा फरक हरवतो.

जुन्या तक्त्यांत दोराचे माप व्यासात नसते, घेरात असते. १८ इंची दोर म्हणजे १८ इंच घेराचा. व्यास सुमारे पावणेसहा इंच. १:६४ ला तो २.३ मिमी. होतो. माप व्यास समजून घेतले तर सात मिलिमीटरचा दोर घ्यावा लागेल, आणि जहाज साखळदंडाने बांधलेले दिसेल. इतकी ढोबळ चूक कोणी करीत नाही, पण बारीक दोरांत हीच चूक लपून राहते. योग्य जाडीचा दोरा मिळत नसल्याने अनेक जण लहान यंत्रावर स्वतः दोर वळतात. साधा दोर तीन पेडांचा, उजव्या पिळाचा. जाड दोरखंडात असे तीन दोर एकत्र करून डाव्या पिळाने वळतात, म्हणजे आत एकूण नऊ पेड. चांगल्या प्रतिकृतीत हा पिळही बरोबर असतो, मात्र तो बघायला भिंग लागते.

डोलकाठीच्या दोन्ही अंगांना उतरणाऱ्या दोरांच्या खालच्या टोकाला तीन भोकांचे चपटे गोल ठोकळे असतात, त्यांना डेडआय म्हणतात. जोडीतल्या वरच्या-खालच्या ठोकळ्यांतून बारीक दोर फिरवून ताण देतात. सगळे वरचे ठोकळे एका रेषेत यावेत म्हणून तारेचा एक मोजका तुकडा जोडीत अडकवून ठेवतात आणि मग दोर बांधतात. नुसत्या नजरेने ते कधीच जुळत नाही. याच दोरांवर खलाशांना चढायला आडव्या पायऱ्या असतात. १४ इंचांचे अंतर १:६४ ला साडेपाच मिलिमीटर येते. मधल्या प्रत्येक दोराला ‘क्लोव्ह हिच’ नावाची गाठ, दोन कडांना दोराचे लहान फास. गाठ जरा जास्त आवळली की उभे दोर आत ओढले जाऊन मधे कंबर पडते. मोठ्या तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेवर या गाठी हजारांत जातात. बरेच जण इथेच काम सोडतात, आणि त्यांना फार दोष देता येत नाही.

शिडे लावावीत का, यावर एकमत नाही. १:६४ ला कापडाचे विणकाम गोणपाटासारखे भासते, म्हणून काही जण पातळ चिवट कागद वापरतात. ब्रिटिश शिडाचे कापड २४ इंच पन्ह्याचे, तेव्हा दर साडेनऊ मिलिमीटरला शिवण दिसायला हवी. शिडे न लावता काठ्या उघड्या ठेवल्या तर मेहनतीने केलेले दोर झाकले जात नाहीत. प्रस्तुत लेखकाला हा पर्याय अधिक प्रामाणिक वाटतो.

जतन

पूर्ण झालेल्या प्रतिकृतीला धूळ, ऊन आणि हवेतील ओलाव्याचा चढउतार यांचा त्रास होतो. धूळ दोरांच्या जाळीत अडकते आणि ब्रशने झटकताना गाठी निसटतात, म्हणून काचेची पेटी करतात. मात्र पेटीतही एक धोका असतो. ओकच्या लाकडातून आणि काही गोंदांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत ती साठते आणि शिशाच्या तोफा, नांगर, नक्षीकाम यांच्यावर पांढरी पूड धरते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आत शिसे हळूहळू पोकळ होत जाते. म्हणून संग्रहालये जुन्या प्रतिकृतींच्या पेट्यांत हवा खेळती ठेवतात, पेटीच्या तळाला ओक वापरत नाहीत, आणि नव्या कामात शिशाऐवजी पितळ घेणे पसंत करतात.