'स्वतःची मदत करणाऱ्यालाच देव मदत करतो' हे बायबलातलं नाही

'जो स्वतःची मदत करतो त्यालाच देव मदत करतो, बायबल' हा मेसेज नागपुरातल्या आपल्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय, मलाही ते वचनच वाटायचं. पण बायबल ॲपमध्ये 'मदत', 'साहाय्य' दोन्ही टाकून सर्च मारा, प्रोटेस्टंट बायबलची 66 पुस्तकं काय, कॅथलिक बायबलची 73 घेतली तरी हे वाक्य सापडत नाही. चिखलात रुतलेल्या गाडीच्या जुन्या ग्रीक गोष्टीचं ते तात्पर्य, 1736 च्या एका अमेरिकन पंचांगातही छापलेलं (आपलं 'प्रयत्नांती परमेश्वर' टाइप). उलट बायबलातलं रोमकरांस 5:6 काढा, आपण दुर्बळ असतानाच ख्रिस्त अभक्तांसाठी मेला, आणि मत्तय 25:35-36 मध्ये भुकेल्याला जेवण, आजाऱ्याची विचारपूस, अट कुठेच नाही, म्हणून रविवारी मेडिकल हॉस्पिटलमध्ये डबा नेताना तू स्वतःसाठी काय केलं असं पेशंटला विचारायचं नसते भाऊ.