सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च बॉम्बस्फोट खटले

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात १५ सप्टेंबर १९६३ रोजी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या सदस्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडवलेल्या स्फोटाबद्दलचे खटले. पहिला आरोपी १४ वर्षांनी दोषी ठरला. शेवटचा जवळजवळ ३९ वर्षांनी.

त्या वर्षीच्या वसंतात वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुलांचे मोर्चे याच चर्चमधून निघाले होते. कृष्णवर्णीयांच्या घरांवर वारंवार होणाऱ्या स्फोटांमुळे शहराला ‘बॉम्बिंगहॅम’ म्हटले जाई. त्या रविवारी सकाळी १०:२२ वाजता पायऱ्यांखाली ठेवलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. तळघरातील खोलीत उपासनेची तयारी करणाऱ्या अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन (तिघी १४ वर्षांच्या) आणि डेनिस मॅकनेअर (११) ठार झाल्या. अ‍ॅडीची बहीण सेरा वाचली, पण तिचा एक डोळा गेला.

रॉबर्ट चँब्लिस, थॉमस ब्लँटन, बॉबी फ्रँक चेरी आणि हर्मन कॅश ही संशयितांची नावे एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेला १९६५ पर्यंत कळली होती. बर्मिंगहॅम कार्यालयाने खटल्याची शिफारसही केली. संचालक जे. एडगर हूव्हर यांनी दोषसिद्धीची शक्यता फारच कमी असल्याचे सांगून ती फेटाळली आणि १९६८ मध्ये तपास बंद झाला. चँब्लिसला तोवर झाली होती ती फक्त बेकायदा डायनामाइट बाळगल्याची किरकोळ शिक्षा. तेव्हा हा विलंब पुराव्याअभावी झाला, असे म्हणता येत नाही. माहिती सरकारच्याच कपाटात होती आणि ती तिथेच राहू देण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता.

अलाबामाचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) बिल बॅक्स्ली यांनी १९७१ मध्ये प्रकरण पुन्हा उघडले. मुलींची नावे त्यांनी आपल्या टेलिफोन कार्डाच्या चार कोपऱ्यांवर लिहून ठेवली होती. १९७७ च्या खटल्यात चँब्लिसच्या नात्यातल्याच एलिझाबेथ कॉब्स यांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. त्यासाठी मोठे धैर्य लागले. बॅक्स्ली यांच्या समारोपाच्या युक्तिवादाच्या दिवशी डेनिसचा २६ वा वाढदिवस आला असता. दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, चँब्लिस खुनाबद्दल दोषी ठरला. १९८५ मध्ये तो कोठडीतच मरण पावला.

उरलेल्यांना आणखी दोन दशके मोकळीक मिळाली. एफबीआयने १९६४ मध्ये ब्लँटनच्या स्वयंपाकघरातले संभाषण चोरून ध्वनिमुद्रित केले होते. त्या फिती बॅक्स्ली यांच्या हाती दिल्याच गेल्या नाहीत. विद्यार्थिदशेत चँब्लिसचा खटला कोर्टात बसून ऐकणारे डग जोन्स पुढे सरकारी वकील झाले आणि त्यांनी त्याच फिती ज्यूरीला ऐकवल्या. ब्लँटन २००१ मध्ये आणि चेरी २००२ मध्ये दोषी ठरला. दोघांना जन्मठेप झाली. अमेरिकेत खुनाच्या आरोपाला कालमर्यादा नसल्यामुळेच हे खटले उभे राहू शकले. चेरी २००४ मध्ये आणि ब्लँटन २०२० मध्ये कैदेत मरण पावले. कॅशवर आरोप ठेवलाच गेला नाही. तो १९९४ मध्ये वारला.

एक डोळा गमावलेल्या सेरा कॉलिन्स रुडॉल्फ यांची अलाबामाच्या गव्हर्नरांनी लेखी माफी मागितली, ती २०२० मध्ये.